बेचाळीस दिवस

भिवपुरी रोडला उतरलेल्या पाहुण्याला भिवपुरी कुठे म्हणून विचारावं लागतं. स्टेशन नेरळ आणि कर्जत यांच्या मध्ये, रुळांच्या काठी; गाव मात्र आत, सह्याद्रीच्या पायथ्याला. तिथे कड्यावरून जाड लोखंडी नळ खाली उतरलेले दिसतात. वर मावळात, ठोकरवाडीला, आंध्रा नदी अडवलेली आहे. ते पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून अलीकडे येतं, नळांत शिरतं आणि दीड हजार फुटांहून जास्त खाली कोसळून वीजघरातल्या चाकांच्या पेल्यांवर आदळतं. १९२२ पासून हे चाललंय. चाक फिरवून झालेलं पाणी राजनाल्याला लागतं आणि कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकवतं. वीज तारांवरून मुंबईला जाते.

पावसाळ्यात त्या तारांखाली उभं राहिलं की बारीक चरचर ऐकू येते. आमच्या आळीतले एक आजोबा त्या आवाजाकडे बोट करून म्हणायचे, "आमचा साचा ह्याच्यावर चालायचा." परळच्या एका गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर, त्यांची उभी हयात गेली होती. गावी परतताना त्यांनी आणलेल्या सामानात एक डफ होता. तो भिंतीला टांगलेला असे. त्यांना वाजवता यायचा जेमतेमच, पण शाहिरांचा विषय निघाला की डफ खाली यायचा. अमर शेखांना ते "आमचा शेख" म्हणत, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. आणि अण्णाभाऊंना नुसतं "अण्णा". दोघांशी त्यांची ओळख मैदानातली, मागच्या रांगेत उभं राहून ऐकणाऱ्याची. तरी ते दोघं आपले मित्र होते, असंच ते शेवटपर्यंत सांगत राहिले. मला त्यात कधी अतिशयोक्ती वाटली नाही. ज्याने हजार माणसांत उभं राहून तुमच्याच चाळीतलं, तुमच्याच खात्यातलं दुःख तुमच्याच बोलीत सांगितलं, त्याला दुसरं काय म्हणायचं?

अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ ला गेले. अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला. मध्ये बेचाळीस दिवस. आजोबांनी ते बोटांवर मोजलेले होते. आमच्या तालुक्यात मात्र नुसतं ‘बेचाळीस’ म्हटलं की लोकांना दुसरीच गोष्ट आठवते, आणि ह्या दोघांची गोष्टही तिथूनच सांगायला हवी.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल माथेरानचे. १ डिसेंबर १९१२ चा जन्म, न्हावी समाजातलं गरीब घर. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. १९४२ च्या ऑगस्टात चळवळ पेटली तेव्हा ते भूमिगत झाले आणि कर्जत-मुरबाडच्या रानात त्यांनी आझाद दस्ता उभा केला. तोपर्यंत सगळा मुलूख त्यांना भाई कोतवाल म्हणू लागला होता. दस्त्याने नेम धरला तो ह्याच विजेच्या मनोऱ्यांवर. मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने लढाईचा माल काढत होते आणि त्यांचा श्वास आमच्या डोंगरातून जाणाऱ्या तारांवर चालत होता. सप्टेंबर ते नोव्हेंबर ह्या तीन महिन्यांत दस्त्याच्या पोरांनी रात्री रानातून जाऊन मनोऱ्यांचे पाय कापले. मनोरा कोसळला की तारा ओढल्या जायच्या आणि मुंबईत यंत्रं थांबायची. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी वेढा घातला. भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील तिथे पडले. दर वर्षी त्या पहाटे माणसं अजून सिद्धगडावर चढतात.

आता तारेच्या दुसऱ्या टोकाला येऊ. त्याच सुमारास माटुंग्याच्या लेबर कॅम्पात एक बावीस वर्षांचा तरुण स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचत होता. तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णाभाऊ. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवे तालुक्यातलं वाटेगाव, मांग समाज. शाळा जेमतेम दीड दिवसाची. वडिलांबरोबर घरदार पायी चालत मुंबईला आलं. पोराने हमाली केली, गिरणीत काम केलं, आणि अक्षरओळख करून घेतली ती मुंबईतच. कम्युनिस्ट पक्षाचं त्या वेळचं म्हणणं असं की हिटलरविरुद्धची लढाई ही आता जनतेची लढाई आहे, तेव्हा कारखाने चालू राहिले पाहिजेत. म्हणजे एकाच तारेच्या ह्या टोकाला ती तोडण्यासाठी माणसं जीव देत होती आणि त्या टोकाला ती चालू राहावी म्हणून माणसं गात होती.

भिवपुरीत राहून हा पेच मला कधी सोडवता आला नाही, आणि उगाच सोडवल्यासारखं करायचंही नाही. बेचाळीसच्या चळवळीपासून बाजूला राहिल्याचा ठपका कम्युनिस्टांवर पुढे कित्येक वर्षं राहिला, आणि माझ्या मते तो रास्तच होता. पण स्टालिनग्राडच्या बर्फात लढणाऱ्या सैनिकाचं दुःख ज्या पोराला माटुंग्याच्या झोपड्यात बसून आपलं वाटलं, त्याच्या मनाचा मोठेपणा त्या ठपक्याने कमी होत नाही. आजोबा त्या वेळी गिरणीतच होते. वीज गेली की खात्यात एकदम शांतता पसरायची, असं ते सांगत. साचे थांबले की कान दुखायला लागायचे. गावाकडची पोरं काहीतरी करताहेत हे त्यांना कुणकुणीने कळायचं, आणि संध्याकाळी नाक्यावर ते पोवाडा ऐकायचे. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच मनात ठेवल्या होत्या.

१९४४ साली तिघं एकत्र आले: अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. लाल बावटा कलापथक. अण्णाभाऊ मुख्यतः लिहिणारे, गव्हाणकर लिहिणारे आणि बांधणारे, आणि गळा अमर शेखांचा. बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती तेव्हा ह्या पथकाने महाराष्ट्रात फिरून बंगालची हाक सांगितली. अमळनेरला कामगारांवर गोळीबार झाला, त्यावर पोवाडा झाला. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण आतली पेरणी बदलली. परंपरेने गण गणपतीला असतो; अण्णाभाऊंनी तो मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वाहिला. गवळण-कृष्णाची छेडछाड गेली, तिच्या जागी सावकार आणि शेतकरी, मालक आणि बदली कामगार आला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. अण्णाभाऊ तमाशाऐवजी ‘लोकनाट्य’ हा शब्द वापरू लागले आणि खेळ पुन्हा उभे राहिले. आज सरकारी स्पर्धांच्या पत्रिकेवर जो शब्द छापतात, त्याच्या रुजण्यामागे ही बंदी आहे.

अमर शेखांबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण आजोबांचा जीव त्यांच्यावर जास्त.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ ला बार्शीत जन्म. आई मुनेरबी. जात्यावरची ओवी, लग्नातलं गाणं, सणाचं गाणं ही पहिली शाळा तिच्याकडे झाली. मराठी मुसलमानाच्या घरातल्या बाईच्या तोंडी जी मराठी असते ती फार मऊ आणि फार जुनी असते. ती त्यांच्या शब्दांत शेवटपर्यंत राहिली. पोटासाठी मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत लागले. बार्शीच्या गिरणी संपात पुढे होते म्हणून विसापूरच्या तुरुंगात गेले. बाहेर आले ते कम्युनिस्ट होऊन. मग कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही काळ काढला. ‘अमर शेख’ हे नाव तिथलं.

हा माणूस जनरीतीच्या मापात बसत नसे. गाण्याच्या ऐन भरात डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि ते पुसायचं त्यांना भानही नसायचं. आजोबा सांगायचे की पुढे मायक्रोफोन उभा केलेला असला तरी शेख दोन कडव्यांत त्याच्यापासून लांब जायचा. हात पसरून मंचाच्या कडेला यायचा आणि तसाच गायचा. मागे उभ्या असलेल्या माणसाला वाटायचं, हा आपल्यालाच हाक मारतोय. आजोबा हे सांगताना स्वतःही उठून उभे राहायचे, हात पसरायचे आणि मग गप्प व्हायचे, कारण पुढचं त्यांच्या गळ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. गाऊन झालं की शेख झोळी घेऊन खाली उतरायचे. संपाला, दुष्काळाला, चळवळीला लागणारा पैसा त्या झोळीत पडायचा. बाया हातातली चिल्लर टाकायच्या. स्वतःच्या घरासाठी झोळी फिरवणं त्यांना जमलं नाही.

आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. आजोबांना मायकोव्हस्की कोण ते ठाऊक नव्हतं. ते म्हणायचे, तो रशियाचा अमर शेख असेल.

डफाचं एक सांगायला हवं. कोकणच्या पावसात डफाचं कातडं ओल धरतं आणि सैल पडतं. मग थाप मारली की ओल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखा बद् आवाज येतो. आजोबा श्रावणात डफ खाली घ्यायचे, अंगणाच्या कोरड्या कोपऱ्यात जुना पेपर पेटवायचे आणि जाळावर डफ चाकासारखा फिरवायचे. फार जवळ नेला तर कातडं करपतं, लांब धरला तर ओल जात नाही. मध्येमध्ये नखाने टिचकी मारून कान लावायचा. बद्, बद्, मग हळूहळू स्वर वर चढतो, आणि एका क्षणी टण्ण. "आता बोलला," असं म्हणून ते खूश व्हायचे. थोड्या वेळाने तो पुन्हा उतरायचा. पावसाळ्यातला कार्यक्रम म्हणजे मंचामागे सतत एक जाळ पेटता ठेवायचा आणि एक माणूस त्याच्यापाशी बसवायचा, हे मला त्यांच्याकडून कळलं. शाहिरांच्या इतिहासात त्या जाळापाशी बसलेल्या माणसाचं नाव कुणी लिहीत नाही.

१९५५ पासूनची पाच वर्षं ह्या सगळ्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये विधानसभेवर निघालेल्या मोर्च्यात सेनापती बापट पुढे होते. हे तेच बापट, ज्यांनी १९२१ ते २४ मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह चालवला. मुळशीचं धरणही, भिवपुरीसारखंच, टाटांच्या विजेसाठी होतं. डोंगरातलं पाणी, मुंबईतली गिरणी आणि मराठी माणसाचं भांडण ह्यांचा धागा असा फिरून पुन्हापुन्हा त्याच माणसांच्या हाताशी येतो. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, पंधरा माणसं पडली. पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभराच्या वर गेला. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार असे एरवी एका पाटावर न बसणारे लोक एका मंचावर बसले.

समितीच्या सभेचा एक क्रम असे. आधी शाहीर, मग पुढारी. माणसं कामावरून सुटून, डबे हातात घेऊन मैदानात येत. दमलेल्या माणसाला भाषण ऐकायला बसवणं सोपं नसतं. डफावर पहिली थाप पडली, तुणतुण्याने सूर धरला, झीलकऱ्यांनी ‘जी जी’ची ओढ घेतली की मैदान भरायला लागायचं. अत्रे उभे राहायचे तोवर गर्दी शाहिराने बांधून दिलेली असायची. अमर शेख होते, आत्माराम पाटील होते, शाहीर साबळे होते, गव्हाणकर होते. समितीचा विजय भाषणांनी झाला असं पुस्तकांत वाचतो तेव्हा मला वाईट वाटतं. भाषणं छापली गेली म्हणून उरली. पोवाड्याचं निम्मं अंग गळ्यात असतं, आणि ते छापता येत नाही.

अण्णाभाऊंनी ह्याच काळात मैनेची छक्कड लिहिली. गावाला बायको ठेवून मुंबईला आलेल्या गिरणी कामगाराची तगमग तिच्यात आहे, आणि तीच तगमग महाराष्ट्राबाहेर राहू पाहणाऱ्या बेळगाव-कारवारची होऊन जाते. एका बाईच्या विरहात राज्याचा नकाशा बसवायचा, ही करामत मराठीत दुसऱ्या कुणाला साधलेली मला माहीत नाही. आमच्या पट्ट्यातून कर्जत लोकल धरून गिरणगावात गेलेल्या पुरुषांना ती छक्कड समजावून सांगायची गरज नव्हती. महिन्याकाठी एकदा गावी यायचं, पैसे द्यायचे, रविवारी रात्रीच्या गाडीने परत. आजोबांची बायको भिवपुरीतच राहिली. ती छक्कड त्यांनी घरात कधी म्हटली नाही. का, ते मी विचारलं नाही.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. राजा बढ्यांचं महाराष्ट्रगीत शाहीर साबळ्यांच्या आवाजात घराघरांत गेलं. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. मैदानं रिकामी झाली.

इथून पुढची नऊ वर्षं मला जास्त खुपतात. लढाई चालू असते तेव्हा शाहीर सगळ्यांना हवा असतो. लढाई संपली की त्याने काय करायचं, हे त्याला कुणी सांगत नाही. साठचं दशक मराठी लोकसंगीताला भरभराटीचं गेलं असं म्हणतात, आणि एका अर्थाने ते खरंही आहे. साबळ्यांचं ‘यमराज्यात एक रात्र’ १९६० मध्ये आलं, वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये आलं आणि दादा कोंडके घरोघरी पोचले. १९६६ मध्ये साबळ्यांचं ‘आंधळं दळतंय’ आलं, त्याच वर्षी जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली. अण्णाभाऊंनी ज्या शब्दाला मैदानात उभं केलं, ते लोकनाट्य आता तिकीट लावून नाट्यगृहात होऊ लागलं. पांढरपेशा प्रेक्षक पहिल्यांदा ढोलकीला टाळ्या देऊ लागला. ह्यात वावगं काहीच नाही. साबळ्यांचं ऋण मी मानतो. पण त्या नाट्यगृहाच्या दारात आमच्या आळीतले साचेवाले आजोबा कधी पोचले नाहीत. पाळी सुटायची रात्री, आणि खेळ असायचा त्याच वेळी.

गिरणगावही बदलत होतं. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला आणि एका चाळीत दोन लाल बावटे झाले. नाक्यावर ट्रान्झिस्टर आले. गाणं ऐकायला मैदानात जायची गरज उरली नाही; ते कोनाड्यात ठेवलेल्या पेटीतून येऊ लागलं.

अण्णाभाऊंची ‘फकिरा’ कादंबरी १९५९ मध्ये आली होती, १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्याच साली ते रशियाला जाऊन आले. प्रवासवर्णन लिहिलं. ज्या देशाच्या लढाईवर लेबर कॅम्पात बसून पोवाडा केला, तो देश शेवटी डोळ्यांनी पाहिला. परत आले ते घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, पुस्तकं भाषांतरित झाली, आणि झोपडी तशीच राहिली. शेवटी गोरेगावला सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं तेव्हा प्रकृती पार ढासळली होती.

अमर शेख थांबू शकत नव्हते. ‘प्रपंच’ ह्या १९६१ च्या चित्रपटात, कुंभाराच्या घराची ती गोष्ट, त्यांनी काम केलं. १९५८ मध्ये ‘कलश’ हा कवितासंग्रह आला होता, १९६३ मध्ये ‘धरतीमाता’ आला. ते कवी म्हणून छापले जाऊ लागले. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केलं. आयुष्यभर लाल बावट्याखाली गायलेल्या माणसाची ती परीक्षा होती. पक्षात काय बोलावं ह्यावर खल चालू असताना शेख डफ घेऊन बाहेर पडले आणि जवानांसाठी गावोगाव गाऊन निधी गोळा करू लागले. पाकिस्तानच्या लढाईतही तेच. मला वाटतं, त्यांच्यातला शाहीर नेहमीच त्यांच्यातल्या कार्यकर्त्याच्या दोन पावलं पुढे असायचा. समोर माणसं संकटात आहेत एवढं त्यांना पुरायचं. ठराव मागून यायचे. बेचाळीसला पक्षाच्या मंडळींना जे उमगलं नव्हतं, ते बासष्टला ह्या एका माणसाने कुणालाही न विचारता केलं. आजोबा भाई कोतवालांच्या शेजारी शेखचं नाव घ्यायचे ते ह्या एका गोष्टीमुळे. मला आधी ते ओढूनताणून वाटायचं. आता वाटत नाही.

ते सतत प्रवासात असत. पुण्याला, सोलापूरला, मराठवाड्याला. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी तेव्हा कर्जतला थांबायची, कारण बोरघाट चढायला मागून जास्तीची इंजिनं लावावी लागत. तेवढ्या वेळात माणसं फलाटावर उतरायची, बटाटावडा घ्यायची, पाय मोकळे करायची. आमच्या तालुक्यात ह्या शाहिरांचा एवढा वावर तर नक्कीच झाला असणार: हातात वडा, बाकाखाली गवसणीत डफ, आणि खिडकीतून दिसणाऱ्या विजेच्या तारा.

१९६९ हे वर्ष. महात्मा फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला तो १८६९ मध्ये. म्हणजे शेतकऱ्याच्या, शूद्राच्या बाजूने इतिहास सांगणाऱ्या आधुनिक पोवाड्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षं होत होती. १३ जूनला अत्रे गेले. ज्यांच्या भाषणाआधी मैदान तापवायचं, ते भाषण गेलं. १८ जुलैला गोरेगावच्या त्या घरात अण्णाभाऊ गेले. वय एकोणपन्नासला चौदा दिवस कमी. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथासंग्रह, पोवाडे, लावण्या, वग एवढं मागे ठेवून गेलेला हा लेखक शेवटी एकटा पडला होता, आणि ह्याची लाज आपल्या सगळ्यांना वाटायला हवी.

मग ते बेचाळीस दिवस. अमर शेखांच्या मनात त्या दिवसांत काय चाललं असेल, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढंच माहीत आहे की ते घरी बसले नव्हते. आषाढ सरला, श्रावण लागला. आमच्याकडे लावणी आटपून भात हिरवागार उभा राहतो ते हे दिवस. राजनाला दुथडी असतो, ठोकरवाडीचं पाणी वर चढलेलं असतं. तारा अखंड चरचरत असतात. २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात अमर शेख गेले. वय बावन्न. मुलगी मल्लिका तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे ती स्वतः मोठी कवयित्री झाली आणि वडिलांवर तिने पुस्तक लिहिलं.

आजोबांना ते नाक्यावर कळलं, दुसऱ्या पाळीला जाताना. कुणीतरी पेपर वाचून दाखवत होतं. ते कामावर गेले. साचे चालू होते, त्या आवाजात बोलणं शक्यच नसतं. खात्यातली माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालीवरून आणि हातवाऱ्यांनी बोलत. पलीकडच्या साच्यावरच्या माणसाने मान वर करून पाहिलं, तर त्याला कळावं म्हणून आजोबांनी डाव्या हाताने हवेत डफ धरल्यासारखं केलं, उजव्या हाताने त्याच्यावर थाप मारल्यासारखं केलं, आणि मग दोन्ही हात सोडून दिले. त्या माणसाला कळलं. त्याने तेच पुढच्याला करून दाखवलं. साचेखात्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं एकामागून एक हवेत डफ धरत गेली आणि सोडत गेली. विजेवर साचे चालूच होते.

मुंबई विद्यापीठात आज शाहीर अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे. अण्णाभाऊंचं टपाल तिकीट २००२ मध्ये निघालं. आजोबा आता नाहीत. त्यांचा डफ त्यांच्या नातवाने मला दिला. ह्या श्रावणात मी तो जाळावर धरला तेव्हा तो बराच वेळ बद् बद् करत राहिला. मी लांबच धरत होतो, करपेल म्हणून. मग थोडा जवळ नेला.